तोंड इकडे कर, डाक्टर

"डाक्टर, तोंड इकडे कर."

हे ती ओरडून म्हणत नसे. माझ्या टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, मी मान वळवेपर्यंत थांबायची आणि मग म्हणायची. बाकावरचे पेशंट हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्यात माझी किती पंचाईत असायची, ते आज लिहितो आहे.

तुम्हीही पाहिलं असेल. म्हातारं माणूस दवाखान्यात येतं, सोबत मुलगा नाहीतर सून असते. डॉक्टर हात म्हाताऱ्याच्या पोटाला लावतो आणि बोलतो मुलाशी. "जेवतात का हे? झोप लागते का यांना?" म्हातारा दोघांच्या मधे, दुरुस्तीला आणलेल्या मिक्सरसारखा बसून असतो. त्या मुलाच्या जागी कदाचित तुम्हीच उभे राहिला असाल. डॉक्टरच्या जागी पंचवीसेक वर्षं मी होतो.

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत माझा दवाखाना. तिचं दोन खोल्यांचं घर तिथून चार घरं सोडून. सारी गल्ली तिला माय म्हणायची, म्हणून मीही. नवरा तरुणपणीच गेला होता. विड्या वळून तिनं एकुलता मुलगा शिकवला. तो सरकारी कचेरीत लागला, शहराबाहेर बेसाला फ्लॅट घेतला, आईला न्यायला तीनदा टेम्पो घेऊन आला. तिन्ही वेळा टेम्पो रिकामा गेला.

"तिथी लिफ्ट हाय, बाल्कनी हाय, बोलाले माणूस नाही," ती म्हणायची. "दिवसभर कबुतरासंग बोलू का मी?"

केसपेपरवर वय लिहायची वेळ आली की आमचं भांडण ठरलेलं.

"साठ लिही."

"माय, मागच्या खेपेलाही साठच लिहिलं होतं."

"मंग? माह्यं वय वाढवून तुले काय भेटते?"

खरं वय पंचाहत्तरच्या पुढे होतं. छप्पन सालच्या दीक्षेला ती नऊ वर्षांची होती, आईचा पदर धरून त्या गर्दीत उभी होती. त्यामुळे हिशेब कुणालाही करता यायचा. पण तिच्यासमोर तो मोठ्यानं करायची कुणाची छाती नव्हती.

चाळिशीत ती प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. तेव्हापासून रोज सकाळी विहाराच्या वाचनालयात जायची, तेही वरच्या मजल्यावर. पेपर शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. एखादा शब्द अडला की कपाटातला जाडजूड कोश काढून बसायची. मला ठाऊक होतं हे सगळं. तरी मी जे केलं ते केलं.

एक शब्द मी तिच्याकडूनच शिकलो. छाट. विड्यांचे कट्टे बांधून नेले की ठेकेदार त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्या टाकलेल्या विड्या म्हणजे छाट. "एक होता आमचा ठेकेदार," ती सांगायची, "कट्टा उघडून बी पाहे नाही. वरून एक नजर टाके अन् म्हणे, हे छाट. मी म्हटलं, पेटवून पाय नं बाप्पा एक तरी! तर म्हणे, बाई, पेटवाले येळ नाही." हे सांगताना ती हसत नसे.

कावीळ झाली तेव्हाही पहिली थट्टा तिचीच. आत आली, डोळे पिवळेजर्द, दंड खाजवून लाल झालेले. म्हणाली, "डाक्टर, मले हळद लागली पाय. नवरदेव कुठी हाय ते विचार त्या बाकावरल्याईले."

पोट दुखत नव्हतं. न दुखता आलेली कावीळ, अंगभर खाज, महिनाभरात उतरलेलं वजन. मला शंका आली, सोनोग्राफी केली, मग सीटी केला. रिपोर्ट मुलगा घेऊन आला, एकटाच. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती. लहान होती, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटी होती. म्हणजे काढण्याजोगी होती. या आजारात अशी गाठ इतक्या लवकर सापडणं फार कमी जणांच्या वाट्याला येतं.

"डॉक्टर साहेब, आईले सांगू नका. तिले झेपणार नाही," मुलगा म्हणाला.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "बरोबर आहे" म्हणालो. हा मुलगा वाईट नव्हता. तो रडत होता. मी रडत नव्हतो, तरी मीच आधी हो म्हटलं. मी त्याला असंही सांगितलं, की ऑपरेशन फार मोठं असतं, या वयात लोक टेबलावरून उठत नाहीत, कशाला देहाचे हाल. हे मी कशाच्या आधारावर बोललो? कॉलेजात कधीतरी ऐकलेल्या गोष्टीच्या. त्यानंतर या शस्त्रक्रियेत काय काय बदललं, हे मी वाचलं नव्हतं. कुणा सर्जनला फोनही केला नव्हता. मी वरून एक नजर टाकली आणि कट्टा बाजूला ठेवला.

तिला सांगितलं, पित्ताच्या नळीला सूज आहे. दुर्बिणीतून स्टेंट टाकला, कावीळ उतरली, खाज गेली, ती खूश. गल्लीत सांगत सुटली, माह्या डाक्टरनं मले बरं केलं. मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नसे.

आता त्या कागदाचं सांगतो. स्टेंट एका सरकारी योजनेत बसवायचा होता, त्यासाठी मराठीत दाखला हवा होता. तो मी लिहिला. लिहिताना थबकलो, कारण फाईल तिच्याच घरी राहणार. 'कॅन्सर' लिहिलं तर ती वाचेल. कॅन्सर हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना समजतो. मग मी वैद्यकाच्या जुन्या परिभाषेतला सगळ्यात शुद्ध शब्द शोधला आणि लिहिलं, 'स्वादुपिंडशीर्षाचे अर्बुद'. कुणाला काही कळू द्यायचं नसेल तर ते शुद्ध मराठीत लिहावं, अशी माझी अक्कल. मुलानं वाचलं आणि म्हणाला, "मस्त लिहिलं साहेब, मलेच नाही समजलं."

एकोणीस दिवस गेले. एके सकाळी ती दवाखान्यात आली. बाकावर सात-आठ माणसं होती. नंबर न लावता सरळ आत आली, टेबलासमोर उभी राहिली. हातात लग्नपत्रिकेचं पाकीट, त्यावर पेन्सिलीनं उतरवलेले शब्द.

"अर्बुद म्हंजे काय गा?"

मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला.

"कोशात पाह्यलं मी. पयला अर्थ, दहा कोटी. म्हटलं, आपल्या पोटात दहा कोटी कोनाचे आले? दुसरा अर्थ बी हाय तिथी. तो तू वाच."

तिनं पाकीट पुढे केलं. 'गाठ, कर्करोगाची गाठ,' असं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी वाचलं, मनात.

"मोठ्यानं."

बाकावरची माणसं ऐकत होती. मी मोठ्यानं वाचलं.

"कॅन्सर लिवलं असतं तर मले समजलं असतं, म्हून मराठीत लिवलं ना तू?"

मी मान हलवली. माझ्या आयुष्यात एवढं खरं उत्तर मी क्वचितच दिलं असेल, तेही तोंड न उघडता.

"अन् हा पिंड!" आता तिचा आवाज चढला. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या माह्या बापानं, अन् त्याच्या मांगं मी. पिंडदान करनार नाही म्हून शपथ घेतली, नऊ वर्साची होती मी. आमी छप्पन सालीच पिंड सोडला. मंग हा स्वादुपिंड तू माह्या पोटात मले न विचारता लपवून ठेवला? काढता येते का नाही तो?"

बाहेर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"येतो," मी म्हणालो. "पण माय, तुमच्या वयात..."

"तू मले तपासलं का माह्या वयाले तपासलं?"

मी परत तेच सांगायला लागलो. मोठं ऑपरेशन, टेबलावर जीव जाऊ शकतो, शुद्ध येणार नाही. तिला भीती वाटावी म्हणून मी थोडं वाढवूनही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सर्जन होय का?"

"नाही."

"मंग चाल, सर्जनकडे. तू बी चाल. तुह्या तोंडानं सांग त्याईले, एकोणीस दिवस काहून बसून राहिला ते."

सर्जन बाई धरमपेठेत बसायच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी आणि मुलगा खुर्चीत बसलो. बाईंनी आमच्याकडे पाहिलंही नाही. तिला म्हणाल्या, "आई, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा बरं." ती उठली. "पाच वेळा." पाच वेळा उठली-बसली. मग त्यांनी तिला कॉरिडॉरमध्ये चालवलं, स्वतः घड्याळ लावून. हातात एक यंत्र देऊन मूठ आवळायला लावली. वजन, रक्तातली प्रथिनं, फुप्फुसं, हृदय. एकाग्रता तपासायला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. इथं मात्र ती चिडली. "मी आजारी हाय का शाळेत हाय?" म्हणाली, पण वजाबाकी केली, बरोबर केली.

मग बाई बोलल्या, तिच्याशीच. "आई, नुसत्या वयावर मी कोणाला नाही म्हणत नाही. पण वयाचा हिशेब राहतो. तुमच्या वयाच्या माणसाला त्रास जास्त होतो, जोडलेली जागा गळू शकते, दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागतं. काही जण घरी जातच नाहीत. काही जातात, पण पहिल्यासारखे उभे राहत नाहीत. काही अगदी चांगले राहतात, तरण्या माणसासारखे. आणि सगळं नीट झालं तरी आजार परतून येऊ शकतो. तुमचे पाय मजबूत आहेत, तुम्ही तिसऱ्या गटात जाल असं मला वाटतं. हमी नाही देत."

"हमी कोन मांगून राहिलं? खरं मांगून राहिली मी."

"आई, काहून हट्ट करते?" मुलगा म्हणाला. "माह्यासाठी नोको करू."

"तुह्यासाठी कोन करून राहिलं, बाबू? पोट माह्यं हाय."

संमतीचा कागद आला. नर्सनं सवयीनं तो मुलापुढे धरला. मायनं बोटाच्या पेरानं नर्सच्या टेबलावर दोनदा टकटक केली. कागद ओढून घेतला आणि सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सहीला दोन मिनिटं लागली.

ते एकोणीस दिवस मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, आता पुढचे दिवस वापरू." माझ्याकडे पाहून नव्हे, कागदावर लिहिता लिहिता.

पुढचे अडीच आठवडे गल्लीनं एक तमाशा पाहिला. सकाळ-संध्याकाळ चालणं, तेही वाचनालयाच्या जिन्यासकट. श्वासाचं ते तीन गोळ्यांचं यंत्र घेऊन ती ओट्यावर बसायची आणि तिसरा गोळा वर गेला की येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवायची. रोज तीन अंडी. "अंडे खाऊन खाऊन मी कोंबडी झाली," म्हणायची. "आता खुडूक बसाची बाकी हाय."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि संध्याकाळी संपलं. मुलगा आणि मी कॉरिडॉरमध्ये एका बाकावर बसून होतो. दिवसभरात आम्ही दोनदा बोललो. एकदा त्यानं विचारलं, "चहा?" आणि एकदा मी विचारलं.

पहिले चार दिवस चांगले गेले. मग जोड गळला. ताप चढला, पोटातलं अन्न पुढे सरकेना, नाकात नळी, पोटात नळी. एका दुपारी भेटीच्या वेळेत गेलो तर तिनं मला ओळखलं नाही. डोळे छताला, आणि दोन्ही हातांची बोटं चादरीवर चालत होती. चादरीची कड चिमटीत धरायची, वळायची, मुडपायची, सोडायची. पुन्हा धरायची. ती विड्या वळत होती. मधेच भेदरून म्हणाली, "छाट नोको करू, दादा. पाहून घे एकडाव."

आणि मी, तिचा डॉक्टर, त्या पलंगापाशी उभा राहून मनात काय म्हणालो? मी म्हणालो, मी सांगत होतो ना. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती हरावी असं मला वाटत नव्हतं. पण ती हरली असती तर मी बरोबर ठरलो असतो, आणि त्या क्षणी मला त्यात थोडं हायसं वाटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो, याचं माप मला त्या दुपारी मिळालं.

त्या भ्रमाच्या पाचव्या दिवशी बोटं थांबली. मला पाहून म्हणाली, "तू काहून असा सुकला? अंडे खा." त्या दुखण्यात ती महिन्यापेक्षा जास्त अडकली. घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. मुलानं बेसाचा टेम्पो चौथ्यांदा आणला. तोही रिकामा गेला. तीन महिन्यांनी तिनं स्वतः भाकरी थापली आणि साऱ्या गल्लीला खायला लावली. कच्ची होती. सगळ्यांनी खाल्ली.

प्रत्येक जेवणासोबत पाचक कॅप्सूल आणि पोटाला टोचायचं इन्सुलिन हे कायमचं मागे लागलं. केमोचे निम्मे डोस सोसले, निम्मे सोडले. वाचनालयाचा जिना आता ती मधे एकदा बसून चढायची, पण चढायची. आणि उरलेल्या वेळात माझ्या दवाखान्यातल्या दाराजवळच्या बाकावर बसायची. "तोंड इकडे कर" तेव्हापासूनचं. स्वतःसाठी नाही, कुणाही म्हाताऱ्यासाठी. मी मुलाकडे वळून आवाज खाली आणला की तिची टकटक झालीच. एकदा एका आजोबांना खरंच ऑपरेशन झेपणार नव्हतं. हृदय दमलेलं होतं, चार पावलं टाकवत नव्हती. मला वाटलं, आता ही भांडेल. मी त्यांना सगळं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मग नको. गावी जातो." ते गेल्यावर माय म्हणाली, "पाय, त्यानं ठरवलं. तू नाही."

दोन वर्षं आणि वर काही महिने. मग आजार यकृतात परतला. यावेळी रिपोर्ट मी हातात घेतला आणि चार घरं चालत गेलो. मुलाला फोन नंतर केला. ती ओट्यावर मेथी निवडत होती.

"माय, कॅन्सर परत आला."

"हं." तिनं जुडी बाजूला ठेवली. "एक इचारू? ते एकोणीस दिवस. त्यानं फरक पडला असंल का?"

मी हा प्रश्न दोन वर्षं स्वतःला विचारत होतो. सर्जन बाईंनाही विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. "माहीत नाही, माय," मी म्हणालो. "पडला असेल. मी नाही म्हणू शकत नाही."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. मी त्यासाठीच आलो होतो, हेही आता कबूल करून टाकतो.

"मंग ते तुह्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "मी नाही नेत संगं."

आणि मेथी निवडायला लागली.

मी केमोचं बोललो. नवं औषध आहे, सौम्य आहे, काही महिने मिळतील. एकेकाळी अडवणारा मी, आता आग्रह करत होतो. तिनं माझी वाक्यं संपू दिली.

"नोको."

"पण माय, तेव्हा तर तुम्हीच..."

"तवा काप म्हनली ते बी मीच, आता नोको म्हनते ते बी मीच. यात तुले काय समजत नाही?"

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. दाराजवळचा बाक तसाच आहे, पेशंट बसतात. मुलगा अधूनमधून येतो, विहारात पुस्तकं देऊन जातो. आम्ही एकमेकांशी चांगलं बोलतो, त्या कागदाचं सोडून.

शेवटची ती मला दिसली ती दुपारी चारच्या सुमारास. मुलानं भाड्यानं दवाखान्याचा लोखंडी पलंग आणला होता, डोक्याकडची बाजू हँडलनं वर करायचा. तो घरात मावत होता, पण मायनं तो गल्लीत लावायला लावला, कडुनिंबाखाली, भर रस्त्यात. स्कूटरवाले तिला वळसा घालून जात होते, आणि ती वळसा घालणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारून हळू चालव म्हणत होती. अंगात काही उरलं नव्हतं. आवाज होता. मी पायाशी उभा राहिलो तर म्हणाली, "नुसता काय उभा हाय? उचल मले. रस्ता दिसून नाही राहिला पुरा."

मी वाकून हँडल फिरवायला लागलो. गंजलेलं होतं, कुरकुरत होतं. डोकं वर आलं, खांदे वर आले. गल्लीच्या तोंडापर्यंतचा रस्ता आता तिला दिसत असणार.

"अजून," ती म्हणाली.

मी फिरवलं. ती जवळजवळ ताठ बसली.

"अजून."

"माय, संपलं. याच्यापुढे फिरत नाही."

"फिरव तू," ती म्हणाली. "अजून."